गोळी सुरू केली तरी धडधड, सोडली तरी धडधड

*चिंता कमी व्हावी म्हणून दिलेले औषध काही जणांची चिंता का वाढवते, आणि ते सोडायचे कसे?*

निफाड, पिंपळगाव, लासलगाव या पट्ट्यात ज्यांच्या घरी द्राक्षबाग किंवा कांदा आहे, त्यांना रात्रीची झोप उडणे नवे नाही. अवकाळी, गारपीट, ऐन वेळी पडलेला भाव, सोसायटीचा हप्ता. कधी कधी संकट टळून जाते, पण शरीर ते सोडायला तयार नसते. रात्री दोनला जाग येते, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. ईसीजी काढला तर नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, ‘हृदय ठणठणीत आहे, ही चिंतेची तक्रार आहे’, आणि एक गोळी लिहून देतात.

इथून पुढे दोन तऱ्हेच्या तक्रारी ऐकू येतात. पहिली अशी, की गोळी घेतल्यावर चारपाच दिवसांत धडधड कमी व्हायच्या ऐवजी वाढली. दुसरी अशी, की वर्षभर गोळीने छान वाटत होते, म्हणून बंद केली. तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके आणि पुन्हा तीच घबराट. पहिल्याला वाटते, गोळीने वाट लावली. दुसऱ्याला वाटते, आता ही जन्मभर गळ्यात पडली.

एकच औषध सुरू केल्यावरही आणि थांबवल्यावरही तीच चिंता कशी वाढवू शकते? उत्तर समजले, तर गोळी केव्हा रेटायची, केव्हा सोडायची आणि कशी सोडायची हेही बरेच उलगडते.

## गोळी नेमके करते काय?

चिंता आणि नैराश्य या दोन्हींसाठी आज सर्वाधिक लिहून दिली जाणारी औषधे एकाच घराण्यातली आहेत. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही त्यांची नावे. औषधशास्त्रात त्यांना ‘एसएसआरआय’ म्हणतात. यांतले फ्लुओक्सेटिन १९८७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि तिथून हे घराणे जगभर पसरले. नाव ‘नैराश्यरोधक’ असले, तरी चिंता आणि पॅनिक (घबराटीचे अचानक येणारे झटके) या आजारांवरही हीच पहिल्या पसंतीची औषधे आहेत.

मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायने सोडून. त्यांतले एक रसायन म्हणजे सेरोटोनिन. ते तयार करणाऱ्या पेशी मेंदूच्या अगदी बुडाशी, मेंदूस्तंभात असतात. संख्येने त्या काही लाखच. पण त्यांचे धागे जवळजवळ साऱ्या मेंदूत पोचतात. झोप, भूक, वेदना, भीती, मनाची स्थिती अशा अनेक गोष्टींत सेरोटोनिनचा हात असतो. एका पेशीने ते दोन पेशींमधल्या फटीत सोडले, की निरोप पोचतो आणि उरलेले सेरोटोनिन तीच पेशी परत ओढून घेते. हे परत ओढण्याचे काम करणारी प्रथिने पेशीच्या भिंतीत बसवलेली असतात. त्यांना ‘वाहक’ म्हणू. एसएसआरआय गोळी या वाहकांना अडवते. सेरोटोनिन फटीत जास्त वेळ राहते.

हे घडायला काही तासच लागतात. मग आराम पडायला तीनचार आठवडे का लागतात? कोड्याचा पहिला धागा इथेच आहे.

## पहिले दोन आठवडे उलटे का जातात?

फटीत सेरोटोनिन अचानक वाढले, की मेंदू लगेच प्रतिक्रिया देतो. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींवरच काही ‘ग्राहके’, म्हणजे निरोप टिपणारी प्रथिने, असतात. ती वाढलेले सेरोटोनिन ओळखतात आणि त्या पेशींना ‘उत्पादन कमी करा’ असा इशारा देतात. त्याच वेळी मेंदूच्या भीतीशी निगडित भागांतल्या इतर ग्राहकांवर मात्र जादा सेरोटोनिन आदळत असते. त्यांतले एक ग्राहक चेतवले गेले की भीती वाढते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. एकीकडे पुरवठा आवळला जातोय, दुसरीकडे भीतीची यंत्रणा चेतते आहे, असे हे पहिले काही दिवस असतात. पुढच्या दोनतीन आठवड्यांत ही ग्राहके बोथट होतात, पेशी नव्या पातळीशी जुळवून घेतात आणि मग औषधाचा खरा गुण दिसू लागतो.

मळमळीचे कारणही यातच आहे. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यांत असते. मेंदूसाठी घेतलेली गोळी आतड्यांनाही पोचतेच.

हा अनुभव जुना आहे. एसएसआरआय येण्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या दशकापासून, इमिप्रामिन नावाचे औषध पॅनिकच्या रुग्णांना दिले जाई. काही रुग्ण पहिल्याच मात्रेनंतर थरथरू लागत, एका जागी बसेनात, झोप जाई. १९८० च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञांनी याला ‘जिटरिनेस सिंड्रोम’ असे नाव दिले. तेव्हा घेतलेला धडा आजही लागू आहे: ज्याचा मूळ आजारच चिंतेचा आहे, त्याला सुरुवात लहान मात्रेने करायची. पॅनिकच्या रुग्णाला एस्सिटॅलोप्रॅम पहिला आठवडा १० ऐवजी ५ मिलिग्रॅम आणि सर्ट्रालिन ५० ऐवजी २५ मिलिग्रॅम देतात, ते याचसाठी.

म्हणून सुरुवातीच्या दिवसांत घबराट थोडी वाढली, पण सहन होण्यासारखी आहे, तर डॉक्टरांना फोन करून मात्रा कमी करता येते का हे विचारणे हा पहिला उपाय. बहुतेकांची ही घबराट दोन आठवड्यांत ओसरते. त्या काळात दिवसाचे सातआठ कप चहा दोनवर आणले तरी फरक पडतो. चहातले कॅफीन तीच धडधड वाढवते आणि दोष मात्र गोळीला जातो.

## केव्हा थांबायचे नाही, लगेच डॉक्टर गाठायचे

सगळीच वाढलेली अस्वस्थता अशी आपोआप ओसरणारी नसते. तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात.

पहिली, ‘अकाथिसिया’. यात माणूस घाबरलेला दिसतो, पण मुख्य तक्रार असते ती एका जागी बसताच न येण्याची. पाय सतत हलतात, उठावेसे वाटते, उठले की चालावेसे वाटते, चालूनही चैन पडत नाही. ‘अंगातून काहीतरी बाहेर पडू पाहतंय’ असे रुग्ण सांगतात. हा औषधाचा थेट दुष्परिणाम आहे. हे सहन होण्यापलीकडे जाऊ शकते, म्हणून ‘दोन आठवडे कळ काढा’ हा सल्ला इथे चालत नाही.

दुसरी, झोपेची गरजच कमी होणे. तीन तास झोपूनही उत्साह ओसंडून वाहणे, अखंड बोलणे, चिडणे, भरमसाट खर्च. ज्यांच्यात द्विध्रुवीय आजार सुप्त असतो, त्यांना नैराश्यरोधक गोळी या टोकाकडे ढकलू शकते. घरात कोणाला असा आजार असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: स्वतःला इजा करण्याचे विचार नव्याने येणे किंवा वाढणे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुले आणि किशोरवयीनांसाठी असा ठळक इशारा या औषधांवर छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. सुरुवातीचे आठवडे आणि मात्रा बदलल्यानंतरचे दिवस यांत घरच्यांचे लक्ष हवे. असे विचार दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

अशा वेळी डॉक्टर औषध थांबवण्याचा निर्णय घेऊ शकतात. आणि गोळी दोनतीन आठवडेच घेतली असेल, तर मेंदू तिच्याशी फारसा जुळलेला नसतो. डॉक्टर ती लवकर थांबवू शकतात. खरी कसरत असते ती महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे घेतलेली गोळी सोडताना.

## सोडताना शरीर का बंड करते?

हे समजायला द्राक्षबागेइतके चांगले उदाहरण नाही. ठिबकवर वाढलेल्या वेलीच्या पांढऱ्या मुळ्या ड्रिपरखालच्या ओल्या पट्ट्यातच दाटीने वाढतात. रोज पाणी तिथेच मिळते म्हटल्यावर मुळ्या दूर कशाला जातील? एक दिवस ठिबक एकदम बंद केले, तर जमिनीत खाली ओल असूनही वेल सुकू लागते, कारण त्या ओलीपर्यंत तिच्या मुळ्याच गेलेल्या नसतात. वेल रोगट नसते. तिने आहे त्या पाण्याप्रमाणे स्वतःची रचना केलेली असते. पाणी बेताबेताने कमी केले, तर मुळ्या खाली उतरतात.

मेंदूही असेच करतो. महिनोन्‌महिने वाहक अडवलेले असले, की पेशी आपली ग्राहके त्या वाढीव सेरोटोनिनच्या हिशेबाने मांडून घेतात. गोळी अचानक बंद झाली की वाहक मोकळे होतात, सेरोटोनिन झपाट्याने परत ओढले जाते. पण ग्राहकांची मांडणी जुनीच असते. ती बदलायला आठवडे, काहींना महिने लागतात. या मधल्या काळात जे होते, त्याला ‘विड्रॉअल’ म्हणजे औषध सुटतानाचा त्रास म्हणतात. याचा अर्थ व्यसन लागले असा नाही. या गोळ्यांची दारूसारखी ओढ लागत नाही आणि नशेसाठी कोणी मात्रा वाढवत नेत नाही. पण शरीर सरावलेले असते, हे मात्र खरे.

आता सुरुवातीचे कोडे सुटते. गोळी सुरू करताना सेरोटोनिनची पातळी मेंदूच्या तयारीपेक्षा भरभर वर गेली. सोडताना ती तयारीपेक्षा भरभर खाली आली. दोन्ही वेळा त्रास झाला तो बदलाच्या वेगामुळे. आणि वेग आपल्या हातात असतो.

## कोणती गोळी, किती दिवसांत उतरते

हा वेग औषधागणिक वेगळा असतो. रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणाऱ्या वेळेला ‘अर्धायुष्य’ म्हणतात. याच तक्रारींसाठी दिल्या जाणाऱ्या व्हेन्लाफॅक्सिन या गोळीचे अर्धायुष्य सुमारे ५ तास. शरीरात तिच्यापासून बनणाऱ्या सक्रिय पदार्थाचे ११ तास. पॅरॉक्सेटिनचे साधारण २१ तास. सर्ट्रालिन आणि एस्सिटॅलोप्रॅम एका दिवसाच्या थोडे वर. फ्लुओक्सेटिन मात्र दीर्घकाळ घेतल्यावर निम्मे व्हायला ४ ते ६ दिवस घेते आणि त्यापासून बनणारा पदार्थ त्याहून जास्त दिवस टिकतो. म्हणून व्हेन्लाफॅक्सिनची एखादी मात्रा चुकली तरी काहींना त्याच संध्याकाळी गरगरते. उलट फ्लुओक्सेटिन सोडल्याचा त्रास झालाच तर काही आठवडे उलटल्यावर होतो, आणि तोवर गोळीशी त्याचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही.

किती जणांना त्रास होतो? २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेल्या विश्लेषणात, औषध सोडलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणे जाणवली. पण नुसती बनावट गोळी सोडलेल्यांतही १७ टक्क्यांना ती जाणवली. म्हणजे औषधामुळेच झालेला त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला. यातले बरेच अभ्यास औषध थोडे महिने घेतलेल्यांवर झालेले आहेत. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावे, हे उघड आहे.

## आजार परतला, की गोळी सुटतानाचा त्रास?

इथेच सर्वाधिक गफलत होते. गोळी सोडल्यावर घबराट वाढली की रुग्ण, घरचे आणि कधी कधी डॉक्टरही म्हणतात, ‘बघा, आजार परत आला.’ गोळी पुन्हा सुरू होते आणि ती कायमचीच हवी असा समज पक्का होतो. फरक ओळखायच्या तीन खुणा आहेत.

वेळ. सुटतानाचा त्रास बहुधा मात्रा कमी केल्यावर काही दिवसांतच सुरू होतो. आजार परततो तो सहसा हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी.

नवी लक्षणे. चक्कर, मान वळवली की डोक्यात झटका, विचित्र ठळक स्वप्ने, ताप नसताना तापासारखी कणकण, उगाच रडू येणे. मूळ आजारात यांतले काही नव्हते, तर ही खूण गोळी सुटण्याची.

गोळी परत घेतल्यावर. सुटतानाचा त्रास पूर्वीची मात्रा सुरू करताच बहुधा थोड्या दिवसांत शमतो. परतलेला आजार ओसरायला पुन्हा आठवडे लागतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी. काहींचा आजार खरोखरच परततो. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या आणि बरे वाटत असलेल्या ४७८ जणांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के आणि सोडलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचे नैराश्य परतले. म्हणजे सोडण्यात जोखीम आहे. आणि सोडूनही वर्षभर ठीक राहिलेले ४४ टक्केही आहेत. आपण कोणत्या बाजूला असू, हे आपला आधीचा इतिहास माहीत असलेल्या डॉक्टरांसोबत बसून ठरवायचे.

## अर्धी गोळी म्हणजे अर्धा परिणाम नव्हे

समजा, डॉक्टरांनी सांगितले, ‘आधी निम्मी करा, मग बंद करा.’ हिशेब सरळ वाटतो, पण मेंदूतला हिशेब तसा चालत नाही. २०१९ मध्ये मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवरून मिळालेले आकडे एकत्र मांडले. सिटॅलोप्रॅम या औषधाचे उदाहरण पाहा:

- ६० मिलिग्रॅम – सुमारे ८८ टक्के वाहक अडतात
- ४० मिलिग्रॅम – ८६ टक्के
- २० मिलिग्रॅम – ८० टक्के
- ९ मिलिग्रॅम – ७० टक्के
- ५.४ मिलिग्रॅम – ६० टक्के
- ३.४ मिलिग्रॅम – ५० टक्के
- १.५ मिलिग्रॅम – ३० टक्के
- ०.८ मिलिग्रॅम – २० टक्के

६० वरून २० वर आलो, म्हणजे ४० मिलिग्रॅम कमी केले, तरी परिणाम घटला फक्त ८ टक्क्यांनी. पण २० वरून एकदम शून्यावर आलो, तर ८० टक्क्यांची घसरण एकाच पायरीत. एस्सिटॅलोप्रॅम हे याच औषधाचे सक्रिय रूप. ते साधारण निम्म्या मात्रेत तेवढेच काम करते. म्हणजे त्याच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडा, जो ‘आता काय, नावापुरताच उरलाय’ म्हणून सोडून दिला जातो, तो अजून निम्म्याहून जास्त वाहक अडवत असतो. ‘सगळं नीट कमी केलं, पण शेवटच्या तुकड्याला अडकलो’ असे जे अनेक जण सांगतात, त्याचे उत्तर या तक्त्यात आहे.

म्हणून आता अनेक तज्ज्ञ शेवटाकडे पायऱ्या लहान-लहान करत जायला सांगतात. प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे थांबायचे, त्रास शमला तरच पुढची घ्यायची, फार झाला तर एक पायरी मागे यायचे. वर्षानुवर्षे गोळी घेतलेल्याला यासाठी काही महिने लागले, तर ते अपयश समजू नये. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्स या संस्थेने २०२० मध्ये रुग्णांसाठी काढलेल्या माहितीपत्रकातही हीच पद्धत आहे.

दोन चुका टाळाव्यात. एक, दिवसाआड गोळी घेणे. अर्धायुष्य एका दिवसाचे असलेल्या औषधाची पातळी त्यामुळे एक दिवस वर, एक दिवस खाली अशी हेलकावते. दुसरी, दिसेल ती गोळी फोडणे. व्हेन्लाफॅक्सिनच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या आणि डुलॉक्सेटिनच्या कॅप्सूल मनाने फोडू-कुटू नयेत. त्यांतून औषध सावकाश किंवा ठरावीक जागी सुटावे, अशीच त्यांची रचना असते.

## पाकीट उलटून पाहा

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. गोळ्यांचे पाकीट उलटे करून चांदीच्या कागदावरची बारीक अक्षरे वाचा. अनेकदा तिथे एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅमच्या खाली दुसरी ओळ असते: क्लोनाझेपॅम ०.५ मिलिग्रॅम. एका गोळीत दोन औषधे. सुरुवातीची घबराट दाबायला क्लोनाझेपॅम लगेच उपयोगी पडते, म्हणून ही जोडगोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. पण ते वेगळ्या घराण्याचे औषध आहे. त्याची सवय लागू शकते आणि दीर्घकाळ घेऊन अचानक सोडले तर तीव्र घबराट, निद्रानाश, क्वचित फिटसुद्धा येऊ शकते.

म्हणजे ‘चिंतेची गोळी बंद केली आणि चिंता दुप्पट झाली’ यामागे कधी कधी दुसरी ओळ असते. अशी जोडगोळी असेल तर डॉक्टर आधी दोन औषधे वेगळी करतात आणि एका वेळी एकच कमी करतात. मेडिकलमधून ‘तसलीच दुसरी’ गोळी घेतानाही ही दुसरी ओळ तपासावी. कंपनी बदलली की कधी ती नकळत गळते, कधी नकळत येते.

## कधी आणि कोणाच्या सोबतीने

गोळी कमी करायला सुरुवात शांत काळात करावी. गोडी छाटणीनंतरचे फवारणीचे दिवस, माल काढणीचा हंगाम, घरात लग्न किंवा आजारपण अशा वेळी करू नये. तारीख, मात्रा आणि त्या दिवशीची तक्रार वहीत दोन ओळींत लिहावी. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीच सर्वांत उपयोगी पडते. त्या काळात दारू टाळावी. चिंता हाताळण्याचे समुपदेशनही जोडीला घ्यावे, म्हणजे गोळी सुटल्यावर हाती दुसरे काहीतरी असते.

निफाडकरांची खरी अडचण वेगळी आहे. नाशिकला जायचे तर दिवस मोडतो, म्हणून पाकीट संपले की गोळीही आपोआप संपते. अचानक सोडणे बरेचदा असेच, न ठरवता घडते. पाकिटात आठवड्याच्या गोळ्या उरल्या की पुढची चिठ्ठी घेण्याची सवय हवी. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आणि आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. प्रवास जमत नसेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्या उपचारांची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. ‘ही गोळी किती दिवस, आणि सोडायची कशी?’ हे सुरुवातीलाच विचारणे त्या हक्कात बसते.

> थोडक्यात
> - पहिल्या दोन आठवड्यांत घबराट वाढू शकते. मात्रा कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.
> - बसवेनासे होणे, झोपेविना उत्साह, स्वतःला इजा करण्याचे विचार: त्याच दिवशी डॉक्टर किंवा १४४१६.
> - महिनोन्‌महिने घेतलेली गोळी अचानक बंद करू नका. शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवा.
> - काही दिवसांतच, नव्या लक्षणांसह आलेला त्रास बहुधा गोळी सुटण्याचा असतो, आजाराचा नव्हे.
> - पाकिटावरची दोन्ही नावे वाचा.

ज्याची चिंता गोळीने वाढली, त्याचे म्हणणे खोटे नसते. आणि ज्याला गोळीने जगणे परत मिळाले, त्याचेही नसते. दोघांनाही लागणारी गोष्ट एकच आहे: औषध लिहिणाऱ्याने पहिल्याच भेटीत ते सुरू कसे करायचे आणि थांबवायचे कसे, या दोन्हींचा आराखडा हाती द्यावा. तो दिला नसेल, तर पुढच्या भेटीत मागून घ्या.